ठिपकीचं रक्त

१

ठिपकी मेली तेव्हा तिच्या रक्तात काही म्हणजे काही खोट नव्हती. निदान मशीन तसं सांगत होतं.

गोठ्याच्या दारातच ती आडवी पडली होती. पलीकडच्या खणात तिचं वासरू बादलीची कड चोखत उभं होतं. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. दूध संघाच्या डॉक्टरबाई गायीशेजारी गुडघ्यांवर बसून काम करत होत्या. पोट उघडायच्या आधी त्यांनी सगळ्या अंगावरून हात फिरवला होता. पोटाखाली, कासेच्या पुढे, लिंबाएवढ्या दोन निळसर गाठी लागल्या. पडताना खुंट्याचा मार बसला असेल, असं म्हणून त्या पुढे गेल्या. आता त्यांच्यासमोर ठिपकीचं यकृत होतं. पिवळंधमक, सुजलेलं, बोट टेकवलं की बोट आत जाईल असं.

"विषच ना?" मालकाने विचारलं. तो हाताची घडी घालून उभा होता. धिप्पाड माणूस, दाढी घोटलेली, बुटांवर शेणाचा एक ठिपका नाही.

"विष नाही. कीटोसिस."

"कसं शक्य आहे?"

"व्याल्यावर गाय खाते थोडं आणि दूध देते फार. वरचं कुठून आणणार? स्वतःच्या अंगातून काढते. चरबी वितळते, यकृतावर साचते, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात. वेळेवर कळलं तर गोड औषध पाजलं की गाय पुन्हा गव्हाणीला तोंड लावते. नाही कळलं तर हे असं."

"न कळायला काय झालं? रोज रक्त तपासतो आपण! मशीन तुमच्या संघाचं, पट्ट्या तुमच्या संघाच्या. आकडा एक पॉइंट दोनच्या वर गेला की धोका, हे तुम्हीच शिकवलंत. ठिपकीचा एकदाही वर गेला नाही. विचारा हिला."

ही म्हणजे त्याची बायको. अंगणात भिंतीला टेकून उभी होती, उजव्या कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ, स्वेटर खांद्यांवर नुसता टाकलेला. तिच्या बाजूला स्टुलावर सासू. थोडं लांब, कुणाच्या अध्यातमध्यात नको म्हणून, गोठ्यावरचा गडी. त्याला सगळे पहिलवान म्हणत, कारण जोराचा वारा सुटला की तो खांबाला धरून उभा राहायचा.

"डॉक्टरबाई, शोधून काढा," मालक म्हणाला. तो आवाज चढवत नव्हता, आणि तो चढवत नाही म्हणूनच सगळे ऐकत होते. "जो दोषी निघेल त्याने आजच्या आज चंबूगबाळं उचलायचं. गडी असो की घरचं माणूस. घरचं माणूस असेल तर बाळ इथेच राहील."

सुनेने बाळाच्या कानांवरून टोपी खाली ओढली. थंडी तेवढी नव्हती.

डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा त्या पिवळ्या यकृताकडे पाहिलं. हे दुखणं एका दिवसाचं नव्हतं. ते वाढत होतं, आणि रोज कुणीतरी ठिपकीचं रक्त तपासून ते नाही असं सांगत होतं.

मग ते रक्त होतं तरी कुणाचं?

२

"सोपं आहे," मालक म्हणाला. गोठ्याच्या टोकाला त्याची खोली होती. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर ठिपकीला मिळालेल्या ढाली. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून डॉक्टरबाई उभ्या होत्या. "पहिलवानाने औषध विकलं. गोड असतं ते, घट्ट, महाग. विकलं आणि पाणी पाजलं."

"पण आकडा वर गेलाच नाही, तर औषध पाजायचा प्रश्न येतो कुठे?"

"मग मशीन बिघडलंय."

"मघाशी तर मशीनच्याच आकड्याची खात्री देत होतात."

"तुम्ही गायींच्या डॉक्टर की वकील?" तो हसला. हसला की बरा दिसायचा. "हे बघा, माझ्या गोठ्यात दुखणं टिकत नाही. मागे एकच आकडा वर गेला होता, बांडीचा. दुसऱ्या दिवशी तिला विकून टाकलं. औषधपाणी करत बसायला हा दवाखाना नाही."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. गव्हाणीला काळी बांधलेली होती. तीही नुकतीच व्यालेली. समोर हिरवा चारा होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचं ताट असावं तशी पाहत होती. सकाळी सुनेने तिचं रक्त तपासलं होतं. आकडा आला होता एक. म्हणजे ठीकठाक.

डॉक्टरबाईंनी घरचंच मशीन घेतलं, घरच्याच डबीतली पट्टी. डाव्या हाताने काळीची शेपटी मुळाशी धरून सरळ वर उचलली, उजव्या हाताने शेपटीखालच्या खाचेत सुई घातली. थेंब पट्टीला लावला. मग पिशवीतून स्वतःचं मशीन काढलं, स्वतःची पट्टी, त्याच रक्ताचा दुसरा थेंब.

दोन्ही मशीनवर आकडा एकच होता. एक पॉइंट सात.

मशीन चांगलं होतं. पट्ट्या चांगल्या होत्या. काळी आजारी होती. आणि सकाळी कुणीतरी तिच्याबद्दल खोटं बोललं होतं.

३

"माझ्यावर येणारच होतं," पहिलवान म्हणाला. तो पालथ्या बादलीवर बसला होता. "दुबळ्याच्या गायीला गोचिडं फार. मी काय विकणार, बाई? हा बघा कॅन."

औषधाचा कॅन कोपऱ्यात पोत्याखाली होता. झाकणावरचं सील जसंच्या तसं.

"उघडलाच नाही?"

"उघडायला कुणी सांगितलंच नाही. आकडा वर गेला तर पाजायचं. आकडा गेला नाही. मी म्हटलं मालकांना, ठिपकी खात नाही, रवंथ करत नाही, तोंडाला कसलातरी गुळचट वास येतोय. तर म्हणाले, तू जास्त शहाणा की मशीन? मी म्हटलं, मशीनच शहाणं, मालक. मशीनला नोकरीची भीती नसते ना."

"रक्त कोण काढायचं? दरवेळी मालकीणबाईच?"

"त्याच."

"तू पाहिलंस? की घरात बसून आकडा सांगायच्या?"

"छे! बाई, त्यांच्याबद्दल तसं बोलू नका." पहिलवान पहिल्यांदाच ताठ झाला. "धार काढून झाली की यायच्या, बाळाला माझ्या खाटेवर ठेवायच्या आणि ठिपकीच्या कुशीशी बसायच्या. पोटाला डोकं टेकवून. गायसुद्धा हलायची नाही. मला तर वाटायचं रडतायत. पण उठायच्या तेव्हा हातात रक्ताची पट्टी असायची. ठिपकीचंच रक्त, दुसऱ्या कुणाचं नाही. आता तुम्हीच काय ते समजा."

डॉक्टरबाईंना समजत नव्हतं. गाय तीच, मशीन चांगलं, पट्टी चांगली, रक्त खरोखर काढलेलं. आणि काढणारी तर अशी, की संघाच्या रक्त तपासायच्या शिबिरात पन्नास बायकांमध्ये तिचा हात सगळ्यात हलका. ती सुई टोचायची आणि गाय मागे वळूनही बघायची नाही. "डास चावून गेला तरी कळतं, ही चावलेली कळत नाही," असं डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून सगळं शिबिर तिला डास म्हणायला लागलं होतं.

"आणखी एक सांगू?" पहिलवान खालच्या आवाजात म्हणाला. "आजीबाई रोज मालकांच्या कानाशी लागतात. हिला घालवा, हिला घालवा. सुनेला घराबाहेर काढण्यासाठी एक गाय मारायला त्या मागेपुढे पाहणार नाहीत. मी काही बोललो नाही हं."

४

स्वयंपाकघराकडे जाताना डॉक्टरबाईंना कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून वाकून जावं लागलं. बाळाचे इवले इवले लंगोट, झबली, एक पायमोजा. दोरी जेमतेम छातीपर्यंत होती.

"बसा," सासू म्हणाली. पाट पुढे केला नाही, पायाने सरकवला. "चहा पाहिजे तर मिळेल. साखर कमी आहे. सूनबाईंच्या राज्यात सगळंच कमी."

खोली स्वच्छ होती. कप, बरण्या, डबे, पिठाची चाळण, सगळं कमरेच्या उंचीवरच्या एका लांब फळीवर. त्याच्या वरची भिंत मोकळी. एक खिळासुद्धा नाही.

"काकू, ठिपकी गेली याचं वाईट वाटतं?"

"गाय होती. माझ्यापेक्षा जास्त मान होता तिला या घरात." सासूने कप खाली ठेवला. "मला विचाराल तर सुनेचाच दोष. सरळ लिहून टाका. रक्त तिने काढलं, आकडा तिने सांगितला, गाय मेली. दोन अधिक दोन. त्यात शोधायचं काय?"

"तिला काढून टाकतील."

"टाकू दे ना! जाऊ दे बापाकडे. आणि ते रडकं पोरगंही घेऊन जाऊ दे."

"मालक म्हणाले, बाळ इथेच राहील."

"सांभाळणार कोण? मी?" सासूचा आवाज एकदम फाटला. "मी एक पोरगं वाढवलं, पुरे झालं. दुसरं नको मला. स्पष्ट सांगते, नातू म्हणून गळ्यात मारलंत तर दारात नेऊन ठेवीन."

दारात सावली हलली. सून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि बाळाने मूठभर केस तोंडात घातले होते ते सोडवायचंही तिला सुचत नव्हतं.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "काळीला काय झालंय?"

५

"तू सांग," डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघी काळीजवळ आल्या होत्या. "सकाळी आकडा किती आला?"

"एक."

"मला एक पॉइंट सात आला."

बाळ डॉक्टरबाईंच्या गळ्यातल्या नळीकडे झेप घेत होतं.

"दाखव बरं, कसं काढतेस."

"बाळ आहे हातात."

"दे इकडे." डॉक्टरबाईंनी बाळ घेतलं. ते लगेच त्यांच्या खांद्यावर लाळ गाळायला लागलं. "हं. काढ."

सून गायीच्या मागे गेली. शेपटी उजव्या हातात धरली, वर उचलली. मग सुई घेतलेला डावा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिने हात बदलून पाहिले. शेपटी डाव्या हातात घेतली. ती वर जाईना. काळीने पाय आपटला. सुई गवतात पडली.

"आज नाही जमत," ती म्हणाली. "तुम्ही बघताय म्हणून."

डॉक्टरबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या काळीच्या पोटाकडे बघत होत्या. कासेपासून पुढे, पोटाखालून, बोटाएवढी जाड शीर नागमोडी गेली होती. कुणालाही दिसावी, एका हाताने टोचता यावी अशी. तिच्यावर एक गाठ होती. लिंबाएवढी, निळसर.

खुंट्याचा मार नव्हता तो. ठिपकीचाही नव्हता.

त्यांनी बाळाला पेंढ्याच्या ढिगावर बसवलं, गायीच्या कुशीशी वाकल्या, त्या शिरेतून एक थेंब घेतला. थेंबानंतर रक्त वाहतच राहिलं, बराच वेळ अंगठा दाबून ठेवावा लागला. मशीनवर आकडा आला.

एक पॉइंट एक.

गाय तीच. वेळ तीच. शेपटीचं रक्त म्हणत होतं, वाचवा मला. पोटाचं रक्त म्हणत होतं, सगळं छान आहे.

"पोटावरच्या शिरेतून कधीच काढायचं नाही," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "शिबिरात सांगितलं होतं. तिथलं रक्त कासेतून परत आलेलं असतं. कास दुधासाठी त्यातले कीटोन ओढून घेते. मागे उरतं त्याचा आकडा कमी येतो. आजारी गाय रेषेच्या खाली दिसते. आठवतं?"

सून पेंढ्याकडे बघत होती. बाळाने एक काडी तोंडात घातली होती. ती उजव्या हाताने तिने काढून घेतली.

"डास," डॉक्टरबाई म्हणाल्या, "हात वर कर."

उजवा हात वर गेला.

"दुसरा."

डावा हात छातीपर्यंत आला आणि अडकला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. खांद्यांवर टाकलेला स्वेटर घसरला. खांद्याचं हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतं. मागे, एका अंगाला, एक टेंगूळ वर आलं होतं.

"पायरीवरून पडले," ती म्हणाली.

"पडणारा माणूस पुढे हात टेकतो. हा हात कुणीतरी पाठीमागे नेऊन पिरगळलाय."

"पायरीवरून पडले," ती पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात, पाठ केल्यासारखं. मग एकदम डॉक्टरबाईंच्या मनगटाला धरलं. "पट्ट्या खराब होत्या असं सांगा ना, बाई. नाहीतर ते बाळ ठेवून घेतील. अंगावरचं दूध पितंय ते अजून."

बाहेरून मालकाची हाक आली. "झालं का, डॉक्टरबाई? की गायीला कबूल करायला लावताय?"

६

"जरा हात धुते," डॉक्टरबाईंनी ओरडून सांगितलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. सासू तिथेच होती, चुलीसमोर, जणू वाट बघत.

"काकू, तुमच्या मुलाने तिचा खांदा निखळवला. तिला शेपटी उचलता येत नाही, म्हणून तिने खालची शीर धरली. त्यातून आकडा कमी आला. गाय गेली. दोष तिचा नाही, त्याचा आहे. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. तिचा हात वर जात नाही म्हणून या घरात सगळं खाली आणून ठेवलंय. ही फळी, ती दोरी." त्यांनी फळीवर हात ठेवला. "माहीत असून तुम्ही तिच्यावरच..."

त्या थांबल्या. फळीच्या खालच्या खिळ्यांना जुना गंज चढला होता. भिंतीवर रंगाचे तीन-चार थर होते, आणि प्रत्येक थर फळीला वळसा घालून गेला होता. खालचा हिरवा रंग तर कुठेकुठे पापुद्र्यासारखा सुटत होता. ही फळी सुनेसाठी खाली आलेली नव्हती. सून तेव्हा जन्मलीही नसेल.

"ही कधी लावली?"

"माझा बाबू पाळण्यात होता तेव्हा." सासूने सांडशी घेतली आणि पातेलं उतरवलं. डॉक्टरबाईंना आता दिसलं, की तिचा कोपर अंगापासून वेगळा होतच नाही. "त्याच्या बापाने स्वतः ठोकली. फार प्रेमाने. आधी माझा हात मोडला, मग फळी खाली आणली. या घरात उंचावर काही ठेवतच नाहीत, बाई."

पातेल्यात चहा उकळून आटला होता.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"कुणाला? आणि काय? नवरा पाया पडून रडत होता." ती हसली, पण तो आवाज खोकल्यासारखा आला. "आता ऐका. तुम्ही बाहेर जाऊन खरं सांगितलंत की काय होईल? हाही रडेल. बापासारखाच. चारचौघांत हात जोडेल, बाळाची शपथ घेईल. ती विरघळेल. राहील. मीही राहिले. मग पुढच्या गायीपर्यंत बरं चालेल."

"पोलिसांत जाता येतं."

"तिने सांगितलं तर. तुम्हाला काय म्हणाली? पायरी ना?" सासूने मान हलवली. "मीसुद्धा पायरीच म्हणायचे. दारात एकच पायरी आहे, तिच्यावर किती बायका पडणार!"

डॉक्टरबाईंना एकदम समजलं. ते टोमणे, ते कानाशी लागणं. हिला घालवा. आणि ते रडकं पोरगंही घेऊन जाऊ दे.

"तुम्हाला ती सुटायला हवी होती."

"त्याने हाकलली तरच ती जाईल. आणि माझ्याकडून बाळ सांभाळलं जाणार नाही याची त्याला खात्री पटली तरच बाळ जाईल. त्याला स्वतःला लंगोट बदलता येत नाही." सासू जवळ आली. जवळून ती बरीच म्हातारी दिसत होती. "तिचा दोष आहे असं सांगा. मुद्दाम केलं असं सांगा. चुकून झालं म्हणालात तर माफ करेल, उपकार म्हणून ठेवून घेईल. मुद्दाम म्हणा."

"ती मला कधीच माफ करणार नाही. मला, आणि तुम्हालाही."

"नको करू दे," सासू म्हणाली. "जिवंत राहून शिव्या देऊ दे."

७

डॉक्टरबाई अंगणात आल्या. मालक, पहिलवान, सून, सगळे तिथेच होते. खोलीतल्या ढालींकडे बघत बोलावं तसं त्या मालकाच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलल्या.

"मशीन चांगलं आहे. पट्ट्या चांगल्या आहेत. पहिलवानाचा काही संबंध नाही, औषधाचं सील अजून शाबूत आहे. रक्त शेपटीतून काढायचं असतं. ते पोटावरच्या शिरेतून काढलं गेलं, तिथे आकडा कमी येतो. ठिपकीच्या आणि काळीच्या पोटावर गाठी आहेत, बघून घ्या."

"चुकून?" मालकाने विचारलं.

सून त्यांच्याकडे बघत होती. शिबिरात पहिल्यांदा सुई हातात घेतली तेव्हा बघत होती तशी.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला माहीत होतं. मीच शिकवलं होतं. तिने जाणूनबुजून केलं."

पलीकडे वासरू बादली चोखत होतं. मग मालक हळूच म्हणाला, "माझी ठिपकी," आणि बायकोच्या दिशेने निघाला.

पण त्याच्या आधी सासू पोचली. त्या वयात ती इतकी चपळ असेल असं कुणाला वाटलं नसतं. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने तोंडाचा पट्टा सोडला. "बघितलंस? मी सांगत होते! अवदसा! घरात साप पाळलास! निघ! हे घे तुझं बोचकं!" बोचकं आधीच बांधलेलं होतं. "आणि हे कार्टं इथे सोडलंस तर याद राख. विहिरीत टाकीन. बाबू, मला शपथ आहे, मी याला हातसुद्धा लावणार नाही. बोलव दुसरी कुणी. कर दुसरी. पण हे रडणं मला नको."

"आई, बाळ..."

"बाळ कोण, तू धुणार? रात्रभर तू पाजणार?"

तो आईकडे बघत राहिला. मग मेलेल्या गायीकडे. मग थुंकला. "घेऊन जा त्याला," तो म्हणाला. "खावटीसाठी दारात येऊ नकोस."

सून रडली नाही. तिने बाळ उचललं. सासूने तिच्या खांद्यांवरचा स्वेटर ओढून पुढे बटणं लावली, इतक्या रागाने की बघणाऱ्याला वाटावं, गळाच दाबतेय. डाव्या बाजूचं बटण लावताना मात्र तिने कापड अंगापासून लांब धरलं, खांद्याला लागू नये म्हणून. सुनेने तिचा हात झटकून टाकला आणि ती फाटकाकडे चालायला लागली.

"गाडीने सोडते मी स्टँडवर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला त्याच वाटेने जायचंय." निघताना त्यांनी काळीचं औषध पहिलवानाला समजावून सांगितलं. तो फक्त मान हलवत होता, त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याच्या मनातूनही आता त्या उतरल्या होत्या.

वळण गेलं, गोठा दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. सून खिडकीतून बाहेर बघत होती. बाळ अंगावर पीत होतं, आणि पिता पिता एक पाय गाडीच्या दारावर आपटत होतं.

"डास, ऐक. अंगणात मी बोलले ते खोटं होतं." डॉक्टरबाईंनी तिला सगळं सांगितलं. फळी, गंजलेले खिळे, सासूचा खांदा, सासूने काय मागितलं ते. "तू मुद्दाम केलंस असं मला एक क्षणही वाटलं नाही. हात वर जाईना, म्हणून तू जमेल तिथून काढलंस. एवढंच झालं. पण ते सांगितलं असतं तर तू आत्ता इथे नसतीस. मला माफ कर."

बाळाचं पिऊन झालं, तिने त्याला उजव्या खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. त्याने ढेकर दिली.

"बांडीचं मी शेपटीतूनच काढलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा हात धड होता. दोन पॉइंट एक. मला इतका आनंद झाला, बाई. वेळेत सापडलं म्हणून. पळत सांगायला गेले. ते म्हणाले, चारा कोण घालतं? तू. मग दुखणं कुणी आणलं? त्याच दिवशी खांदा गेला."

डॉक्टरबाईंनी गाडीची किल्ली हातात धरली होती. ती त्यांना फिरवता येईना.

"मग ठिपकी व्याली. हात वर जाईना, हे खरंय. मी खाली बसले. समोर ती शीर होती. तुम्ही शिबिरात सांगितलेलं सगळं आठवत होतं मला, अगदी शब्दन् शब्द. इथे आकडा कमी येतो. आलाच कमी. जाऊन सांगितला, तर ह्यांनी बाळाला उचलून घेतलं. हवेत उडवलं. जेवताना हसले." ती बाळाची टोपी सारखी करत होती. "दुसऱ्या दिवशी परत तिथूनच. पहिलवानाला शेपटी धर म्हटलं असतं तर त्याने धरली असती. मी म्हटलं नाही. ठिपकी खायची थांबली, तोंडाला वास यायला लागला, तरी तिथूनच. तिच्या पोटाला डोकं टेकवून म्हणायचे, आजचा दिवस. फक्त आजचा दिवस. आकडा खाली आला की त्या दिवशी घर शांत असायचं."

समोरून एक दुधाची गाडी कॅन खडखडवत गेली.

"तुम्ही म्हणालात ना, जाणूनबुजून," सून म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला कळलं."

डॉक्टरबाईंनी किल्ली फिरवली. गाडी रस्त्यावर आली. स्टँड आलं. उतरताना सुनेने बोचकं खाली ठेवलं आणि उघड्या दारातून पुन्हा आत वाकली.

"काळीला पाजताना तोंड वर ओढू नको म्हणावं पहिलवानाला," ती म्हणाली. "ठसका लागतो तिला. गालातून, थोडं थोडं द्यायचं. मध्ये थांबायचं. तिने गिळलं की पुढचं."